एक कोयता, दोन खुर्च्या

बीड जिल्ह्यात हवापालटासाठी कुणी जात नाही, आणि मे महिन्यात तर तिथलेच लोक दुसरीकडे कुठे सोय होते का ते बघत असतात. मी गेलो तो एक गोष्ट सांगायला. एकवीस वर्षं हवाई दलात मालवाहू विमानं उडवून मी नोकरी सोडली होती आणि लहान शहरांना जोडणाऱ्या एका प्रवासी कंपनीत रुजू होणार होतो. हे बायकोला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, पुण्यातल्या आमच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं. फक्त गावी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माहीत नव्हतं. डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांवर विमान उतरवलेला माणूस बापाला घाबरतो हे काही वाचकांना पटणार नाही. ज्यांचे बाप आण्णांसारखे आहेत त्यांना पटेल.

सोडण्याचं कारण साधं होतं. पुढची बढती म्हणजे टेबल, फायली आणि बैठका. मला विमान उडवायचं होतं. पण नव्या कंपनीत सगळ्यांची सुरुवात उजव्या खुर्चीतून होते. विमानात डावीकडे कॅप्टन बसतो आणि उजवीकडे त्याचा सहवैमानिक. मी चौदा वर्षं डावीकडे बसलो होतो. आता माझ्या डावीकडे बसणार होती कॅप्टन नेहा, वय वर्षं एकोणतीस. हे आण्णांना कसं सांगायचं, याचा विचार करत मी हैदराबादहून रात्रीच्या बसमध्ये बसलो. तिथे माझं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं आणि सोमवारी परत हजर व्हायचं होतं.

मांजरसुंबा, गुरुवार

सकाळी बसने मांजरसुंब्याच्या चौकात उतरवलं. इथे चार दिशांचे रस्ते मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावरचा ट्रक इथे जेवायला थांबतो. एका धाब्यावर बसलो. मालक तांब्या घेऊन आला आणि ओतायच्या आधी थांबला.

"पिणार हाव का? पिणार असाल तरच वततो."

हवाई दलाच्या मेसमध्ये जेवणाआधी पाण्याचा ग्लास भरलेला असायचा आणि बऱ्याचदा जेवणानंतर तसाच भरलेला उचलला जायचा. त्यात काही गैर आहे असं एकवीस वर्षांत मला वाटलं नव्हतं. मी अर्धा ग्लास मागितला आणि तळाशी थेंबही ठेवला नाही. ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं. तेवढं एक इथे फुकट मिळालं.

समोर बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने माझे केस आणि बूट बघून ओळखलं. "मिल्ट्रीत हाव का?"

"होतो."

"होतो म्हंजी? कावून सोडली?"

"विमान उडवायचं होतं."

त्याने भाकरी मोडायची थांबवली. "मंग मिल्ट्रीत इमानं न्हाईत का?"

आहेत, म्हणालो. मग बढती, टेबल, फायली असं सगळं समजावत बसलो. त्याने शांतपणे ऐकलं आणि धाबेवाल्याकडे बघून मान हलवली. माझ्याविषयी त्याचं काय मत झालं ते कळलं. अनोळखी माणसापुढे ही अवस्था, तर आण्णांपुढे काय होणार, या विचाराने दुसरा चहा घेतला.

गाव, त्याच दिवशी दुपारी

मांजरसुंब्याहून बीड, बीडहून गेवराई, आणि तिथून तलवाड्याकडे जाणारी काळीपिवळी जीप. नऊ माणसांच्या जागेत पंधरा जण आणि टपावर पेंडीची पोती. वजन आणि समतोल यांवर मी नुकतीच परीक्षा देऊन आलो होतो, म्हणून डोळे मिटून घेतले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती. विहिरींवर मोटारी होत्या पण आवाज नव्हता.

आमचं गाव तलवाड्याच्या थोडं अलीकडे. त्याचं नाव सांगत नाही, कारण आता जे सांगणार आहे त्यावरून लोक चेष्टा करतील. गावाबाहेरच्या माळावर शे-दीडशे माणसं उभी होती आणि सगळे आकाशाकडे बघत होते. माळावर पांढऱ्या चुन्याने एक भलंमोठं वर्तुळ आखलेलं होतं, त्यात इंग्रजी एच, आणि वर्तुळाच्या आत पाणी मारून धूळ बसवलेली. नेतेमंडळींचं हेलिकॉप्टर येतं तेव्हा आमच्याकडे हे असंच करतात.

मला वाटलं कुणीतरी मंत्री येतोय. जीपमधून उतरून गर्दीत मागे जाऊन उभा राहिलो आणि मीही वर बघू लागलो. पाचेक मिनिटं बघितलं असेल. मग शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. ते शेषराव होते, गावच्या दूध संस्थेचे सचिव.

"आरं दत्ता," ते म्हणाले, "तू खालून कसा काय आलास?"

घोटाळा असा झाला होता. आण्णा संस्थेचे चेअरमन. शनिवारी संस्थेत दूध थंड करायचं नवं यंत्र सुरू व्हायचं होतं आणि त्याचं बटण माझ्या हस्ते दाबायचं ठरलं होतं. मी फोनवर म्हणालो होतो, "विमानाचं ट्रेनिंग संपवून सरळ गावीच येतो." आण्णा तेव्हा चारा छावणीत होते. चारही बाजूंना हंबरणारी जनावरं आणि कानाला फोन. त्यांनी शेषरावांना सांगितलं, पोरगं विमान घेऊन सरळ गावी येतंय. शेषराव कामाचे माणूस. त्यांनी एवढंच विचारलं की किती वाजता.

"पाणी कुठलं मारलं?" मी विचारलं. गावात टँकर दोन दिवसांआड येत होता.

"प्यायचं न्हाई बाबा. कॅन धुतल्यालं. दोन दिस साठिवलं." ते पाणी एरवी संस्थेच्या दारातल्या चार नारळांना जायचं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

गर्दी हसली नाही. लोक हळूहळू घराकडे निघाले, आणि तेच जास्त लागलं. त्यात आण्णाही होते, डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या शर्टाकडे बघितलं.

"वर्दी कुठंय?"

ओल्या वर्तुळात तोवर गावातली तीन कुत्री येऊन निजली होती. मिळालेला गारवा कोण सोडतो. मी ठरवलं होतं की जेवण झाल्यावर, शांतपणे, मुद्द्यामुद्द्याने सांगायचं. ते सगळं राहिलं. माळावरच उभ्याउभ्या सांगून टाकलं. सोडली म्हणालो. आता प्रवासी विमान. उजवी खुर्ची. डावीकडे एक मुलगी कॅप्टन आहे हेही सांगितलं, कारण उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर ते वाईट झालं असतं.

आण्णांनी ऐकून घेतलं. "धारंची येळ झाली," म्हणाले आणि छावणीच्या दिशेने चालू लागले.

छावणी, शुक्रवार

चारा छावणी हे प्रकरण ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस दगा देतो तेव्हा जनावरांना घरी चारा नसतो, म्हणून उघड्या माळावर दावणी ठोकतात आणि आसपासच्या गावांची गुरं तिथे आणून बांधतात. ऊस आणि पेंड तिथे मिळते. जनावर तिथे असलं की माणूसही तिथेच. ताडपत्रीखाली बाज, बाजेखाली डबा, खांबाला आरसा. आमची छावणी दूध संस्थाच चालवत होती आणि आण्णा दीड महिना तिथेच झोपत होते. मला लांबच्या हवाई तळांवरचे आमचे तंबू आठवले. फरक एवढाच की आमच्याकडे कामाच्या पाळ्या होत्या. इथे गायीला पाळी कळत नाही.

सकाळपासून आण्णा माझ्याशी कामापुरतं बोलत होते. बादली दे. दावं सोड. सरक. मी ऊस तोडून कुट्टीच्या यंत्रात घालत होतो आणि ते पलीकडे गव्हाणी साफ करत होते. रागावले असते तर सोपं होतं. माझा वर्दीतला फोटो संस्थेच्या भिंतीवर टांगलेला आहे. सकाळी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आण्णांना थांबून रामराम करतात. तो रामराम आता कोणत्या नात्याने घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न असणार. मला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की उद्या ते समारंभाला येणारच नाहीत. सोमवारी मी निघून जाईन आणि हे असंच राहून जाईल.

शेजारच्या दावणीला लक्ष्मणचे दोन बैल होते. लक्ष्मण माझा शाळेतला सोबती. तो आणि त्याची बायको सिंधूवहिनी दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर जातात. यंदा ऊसच कमी, म्हणून हंगाम लवकर संपून दोघं परत आली होती. वहिनींनी चहा आणून दिला आणि खाली बसल्या. माळावरची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होतीच.

"भावजी, त्या इमानात पुढं किती जण बसत्यात?"

"दोघं."

"मंजी एक कोयता."

मी हसलो. ऊसतोडीच्या लोकांत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा आला तर अर्धा कोयता.

"तसं नाही वहिनी. दोघंही वैमानिकच."

"आमीबी दोघं तोडणारंच की. आन तुमच्यात तोडतं कोण, मोळी बांधतं कोण?"

प्रश्न बरोबर होता. म्हटलं, जाताना एक जण विमान उडवतो, तेव्हा दुसरा रेडिओवर बोलतो, याद्या वाचतो, काट्यांवर लक्ष ठेवतो. येताना उलट. कॅप्टनचा शब्द शेवटचा, पण काम पाळीने.

"मंग त्यात उजवं-डावं कशाचं आलं बे?" लक्ष्मण बैलामागून म्हणाला.

का कोण जाणे, पण मी त्यांना ते सांगितलं जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. हैदराबादला विमानाच्या पुढच्या भागासारखी एक खोटी केबिन असते, तिच्यात सराव घेतात. पाचव्या दिवशी कॅप्टन नेहा विमान उतरवत होती. वारा बाजूने होता. मला वाटलं ती उशीर करतेय, आणि चौदा वर्षांच्या सवयीने माझा हात आपोआप दांड्यावर गेला. न विचारता. तिने एकीकडे ओढलं, मी दुसरीकडे, आणि विमान धावपट्टीच्या बाहेर गेलं. खोटंच विमान, कुणाला खरचटलंही नाही. पण परीक्षकाने तो सराव नापास केला आणि दोघांना पुन्हा करायला लावला. चूक माझी, शिक्षा तिलाही. तिने मला चहा आणून दिला. माझा चेहरा दिवसभर उतरलेला होता.

सिंधूवहिनींनी डावा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं.

"तिसऱ्या हंगामाला," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कोयता उचलला व्हता. मला वाटलं ऊस ऱ्हायलाय, म्हून मीबी हात घातला. एका उसावर दोघांनी हात घातला की बोट जातंय, भावजी. ज्याची तोड त्यानं तोडावी. दुसऱ्यानं बघावं, आन चुकत असंल तर वरडावं. हात घालू नये."

लक्ष्मण बैल खरारत राहिला. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, तरी त्याने मान वर केली नाही.

हैदराबादला हेच मला चार दिवस फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. मला ते पाठ होतं, पण कळलं इथे. मी मागे बघितलं. आण्णा गव्हाणीशी उभे होते, हातात फावडं तसंच. किती वेळ उभे होते ठाऊक नाही. मी बघतोय म्हटल्यावर पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी माझ्या ताटात भाकरीवर न विचारता लोण्याचा गोळा आला.

दूध संस्था, शनिवार

आमच्याकडच्या समारंभात पाहुण्यांपेक्षा फ्लेक्स आधी येतो. दारावर माझा वर्दीतला फोटो होता, कुणीतरी संगणकावर मिशी जाड केलेली, आणि खाली 'विंग कमांडर'. दुष्काळाने दूध निम्म्यावर आलं होतं आणि यंत्र दुप्पट मोठं होतं. दोन वर्षांपूर्वी मंजूर झालेलं, आता आलं. सहकारात असं होतं, शेषराव म्हणाले, आणि त्यांच्या मते पाऊस आला की दूधही येईल.

आण्णा आले. मला हायसं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली, कारण ते थेट माइककडे गेले. फेटे, नारळ, शाली रांगेत ठेवलेल्या. समोर सतरंजीवर माणसं, एका बाजूला बायका, त्यांच्यात सिंधूवहिनी.

"पाटीवर लिव्हलंय ते जुनं हाय," आण्णा म्हणाले. "दत्तानं मिल्ट्री सोडलीय."

मागे भरतीची पोरं उभी होती. ती एकमेकांकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघत होतो.

"आता तो माणसं न्हेणाऱ्या इमानात बसणार. शेजारी एक पोरगी हाय. वयानं ल्हान हाय, पर साहेब ती हाय. मला परवा ऐकून बरं वाटलं न्हाई. खोटं कशाला सांगू." त्यांनी टोपी सारखी केली. "मी आन दत्ताची आई, आमी अकरा हंगाम एक कोयता होतो. ही संस्था व्हायच्या आधीची गोष्ट. अकरा हंगामात कुणी मला इचारलं न्हाई की तुमच्यात मोठं कोण. इचारलं असतं तर मी माझंच नाव सांगितलं असतं. ते खोटं झालं असतं. ती वरडायची म्हून माझी धा बोटं शाबूत हायत."

त्यांनी दोन्ही हात वर करून लोकांना बोटं दाखवली. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याविषयी आण्णा कधी चारचौघांत बोललेले मी ऐकलेले नव्हते, आणि एकट्यातही फारसे नाही. माझे डोळे भरून आले. शेजारी शेषराव होते, ते नारळाच्या शेंड्या मोजू लागले.

"तवा हे पोरगं कुणाच्या हाताखाली न्हाई. कोयत्यात गेलंय," आण्णा म्हणाले. "बस. आता बटण दाबा. दूध तापायलंय."

मी बटण दाबलं. यंत्र सुरू झालं नाही. वीज गेली होती. वीसेक मिनिटांनी आली आणि तोवर सगळ्यांचा चहा झाला. यंत्र अखेर सुरू झालं ते शेषरावांच्या हाताने, कारण मी तेव्हा बाहेर नारळाच्या झाडांना बादलीने पाणी घालत होतो. दोन दिवसांची त्यांची तहान माझ्या नावावर होती.

वरून

सोमवारी हैदराबादला हजर झालो आणि पुढच्याच आठवड्यात पहिली फेरी लागली, नाशिकला जाऊन परत. कॅप्टन नेहाने विचारलं, "सर, जाताना तुम्ही उडवता का?" ती मला वयामुळे सर म्हणते आणि मी तिला हुद्द्यामुळे मॅडम. ते आम्ही दोघांनी अजून बदललेलं नाही. म्हटलं, जाताना तुम्ही, येताना मी.

लष्करी विमानात सामानाला नमस्कार करावा लागत नाही. इथे निघायला बारा मिनिटं उशीर झाला तर माइकवरून प्रवाशांची माफी मागितली. पहिल्यांदा आवाज परेडचा निघाला. नेहा खिडकीकडे तोंड करून हसली.

तो हवाई मार्ग बीडच्या जवळून जातो. विमान तिच्या हातात होतं, माझे आकडे वाचून झाले होते, म्हणून उजवीकडे खाली बघितलं. गाव त्याच बाजूला येतं. धुरकट तपकिरी रानं, एक कोरडा तलाव आणि दूर गोदावरीची फिकट रेघ. छावणी कुठली, माळ कुठला, काही ओळखू आलं नाही. नाशिकला उतरताना वारा बाजूने होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, वेग कमी होतोय असं दिसलं तेव्हा तोंडाने सांगितलं, आणि तिने तो सुधारला.

संध्याकाळी आण्णांना फोन केला. दूध घालायची वेळ होती, मागे कॅनचा आवाज येत होता. मी म्हणालो की माळावरचा एच वरून स्पष्ट दिसला. ते म्हणाले तो तर वाऱ्याने कधीच उडाला.

"आज तोड कुणाची व्हती?" त्यांनी विचारलं.

"जाताना तिची. येताना माझी."

"आन बोटं?"

"वीसच्या वीस, आण्णा."

"बरं," ते म्हणाले आणि कुणाला तरी कॅन सरकवायला सांगू लागले.